उंबऱ्यातला रुपया

मुहूर्त साडेदहाचा होता आणि सव्वादहा वाजून गेले तरी हनुमंताचा पत्ता नव्हता. पुष्पावती हातात नारळ घेऊन उभी होती. तो नारळ आता चौकटीपुढे फुटणार की हनुमंताच्या टाळक्यावर, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"आक्का, माल कालवून ठिवलाय," गवंडी सूर्यभान म्हणाला. "ऊन लई हाय. दगड हुईल त्याचा."

"हुईल तवा बघू. येतोय माझा भाऊ."

येत होता खरा, पण त्याला कसा तयार केला ते तिचं तिलाच ठाऊक. आज धाकट्याच्या, कानिफनाथाच्या गावाबाहेर हायवेलगतच्या नव्या घराची चौकट बसायची होती. चौकटीच्या उंबऱ्याखाली घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषानं आपल्या हातानं एक नाणं ठेवायचं, ही त्यांच्या घराण्याची रीत. आईबाप जाऊन बरीच वर्षं झालेली, म्हणजे वडीलधारा उरला थोरला हनुमंत. आणि हनुमंत आणि कानिफनाथ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बांधावरच्या एका लिंबाच्या झाडावरून बिनसलं होतं. तो लिंब चौथ्या वर्षी वादळात पडला, त्याचं सरपण होऊन चुलीत गेलं, पण भांडण आपलं जागच्या जागी उभं.

दोघं भाऊ मजेत होते. हाल झाले ते पुष्पावतीचे. भाऊबीजेला संगमनेरहून मिरजगावात यायचं आणि जुन्या घराच्या एकाच अंगणातल्या दोन दारांनी दोनदा ओवाळायचं. दोन्हीकडे पुरणपोळी. एकीकडे अर्धी कमी खाल्ली, तर दुसरीकडे जास्त खाल्ल्याचा आळ. रोज साखरेची गोळी घेणाऱ्या बाईनं माहेरपण म्हणून सोसावं तरी किती! म्हणून यंदा तिनं पदर खोचला. कानिफनाथाला फोन करून सांगितलं, "हनुमंता म्हनतोय, बोलावलं तर येईन." मग हनुमंताला सांगितलं, "कानिफ म्हनतोय, दादाचा हात लागल्याबिगर उंबरा बसवायचा न्हाई." दोघांपैकी कुणीही असं काही म्हटलेलं नव्हतं. पण आक्का म्हणाली म्हणजे खरं असणारच. चौथीला केंद्रात पहिली आलेली, संगमनेरला बचत गट चालवणारी, बँकेच्या साहेबाला शब्दानं गप्प करणारी आक्का. दोन्ही घरांत एरवी एका गोष्टीवर एकमत नसायचं, पण अडलं की दोन्हीकडून एकच वाक्य निघायचं, "आक्काला इचार." पुष्पावतीला त्याचा मनातून अभिमान होता, आणि तो ती फारसा लपवतही नसे.

मुलगा आदिनाथ याच्या मोटरसायकलवर मागे बसून हनुमंत एकदाचा आला. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला टोपी. एसटीच्या कंडक्टरकीतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी डावा हात अजून काखेशी बॅग धरल्यासारखा. मागोमाग त्याची बायको साळूबाई रिक्षातून उतरली. तिनं जावेच्या नव्या घराचा चौथरा वरपासून खालपर्यंत पाहून घेतला.

कानिफनाथ भावाकडे न बघता गवंड्याला म्हणाला, "सूर्यभान, त्येंला पाट दे बसायला."

हनुमंतही गवंड्यालाच म्हणाला, "पाट नगं म्हनावं. उभ्यानं हुईल."

सूर्यभानानं आयुष्यात पुष्कळ भिंती बांधल्या होत्या, पण दोघांच्या मधे स्वतः भिंत होऊन उभं राहायची त्याची पहिलीच वेळ. त्यानं पाट आणला आणि मधोमध ठेवून दिला.

पुढचं मात्र झटपट झालं. कानिफनाथाची बायको ज्योती हिनं हळदीकुंकू वाहिलं. सूर्यभानानं उंबऱ्याखाली केलेल्या खळग्यात हनुमंतानं लाल फडकं पसरलं, त्यात सुपारी आणि हळकुंड ठेवलं, मग सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घालून एक नाणं काढलं, कपाळाला लावलं आणि ठेवलं. आदिनाथ मोबाईलवर शूटिंग करत होता. त्यानं नाण्याच्या दोन्ही बाजूंचा जवळून फोटोही घेतला होता. पुरचुंडी बांधली, खळग्यात गेली, वर उंबरा टेकवला. नारळ फुटला. आता फटीत माल भरला की झालं. पुष्पावतीनं नऊ वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

तो पुरता बाहेरही पडला नव्हता, तेवढ्यात ज्योतीनं आदिनाथाच्या मोबाईलमध्ये डोकावून पाहिलं.

"अगं बया! ह्यो तर मोठ्या भाऊजींचा खोटा रुपया!"

तो रुपया गावात कोणाला ठाऊक नव्हता? बावीस वर्षांपूर्वी हनुमंत नगरच्या गाडीवर असताना गर्दीत कुणी प्रवाशानं त्याच्या हातावर टेकवला होता. एका बाजूला एक रुपयाचा छाप आणि उलटवला की दोन रुपयांचा. एक म्हणून द्यावा तर लोक म्हणत, मास्तर, मागं दोन लिहिलंय. दोन म्हणून द्यावा तर म्हणत, पुढं एक लिहिलंय. तीन वेळा खपवला आणि तीनदा तो तंटा करून परत आला. संध्याकाळी पैसे भरताना खिडकीतला कारकूनही घेईना. शेवटी हनुमंतानं पदरचा रुपया भरला आणि हा खिशात टाकला, तो कायमचा. चहाच्या टपरीवर काढायचा, फिरवून दाखवायचा आणि लोकांना हसवायचा.

"साऱ्या जगानं नाकारलेला पैसा आमच्याच उंबऱ्यात घालायचा व्हय?" ज्योतीचा आवाज चढला. "नऊ वर्सांचा राग काढला म्हना की! काढा आधी त्यो!"

"ज्योती, जरा दमानं," साळूबाई पुढे झाली. "रीत ठावं नसंल तर इचारावं मानसानं. चालतं नानं उंबऱ्यात घालत न्हाईत. त्याला चालायची सवं. ते जातं अन् लक्षुमीला बी संगं नेतं. मामंजींनी जुन्या घराला भोकाचा पैसा घातल्याला, बंद पडलेला."

"बंद पडलेला येगळा अन् खोटा येगळा!"

"न चालल्याशी कारन!"

हनुमंतानं टोपी सरळ केली. "सूर्यभान, म्हनावं, ज्ये नानं बावीस वर्सं माज्या खिशातनं हाललं न्हाई, ते उंबऱ्यात बी हालायचं न्हाई. म्हनून घातलं. माज्या मनात दुसरं काय बी न्हाई."

त्याच्या मनात खरंच दुसरं काही नव्हतं. पुष्पावती त्याला लंगोटात असल्यापासून ओळखत होती. खोटं बोलताना त्याचे कान लाल होत, आणि आता ते नेहमीसारखेच काळे होते. तिनं ज्योतीला बाजूला घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "अगं, आयुष्यभर जपलेली वस्तू दिली त्यानं. कोन देतं गं?" ज्योतीचं तोंड वाकडंच राहिलं, पण आवाज उतरला.

कानिफनाथ मघापासून मातीत अंगठा रुतवून उभा होता. "सूर्यभान," तो म्हणाला, "म्हनावं, मी चांदीचं आनून ठिवलं हुतं. पन ठिवलं ते ठिवलं. भर माल."

सूर्यभानानं थापी उचलली.

"काका! पप्पा! थांबा!" आदिनाथ अंगणाच्या कोपऱ्यातून धावत आला. "सूर्यभानमामा, थापी खाली ठिवा! माल घालू नका!"

"का रं?"

"मी फोटो स्टेटसला टाकला हुता. नगरच्या कल्यानसरांचा फोन आलाय. ते जुनी नानी जमा करत्यात. ते म्हनले, ह्यो रुपया खोटा न्हाईच. खरा हाय. टांकसाळीतच चुकलाय." त्याला धाप लागली होती. "नान्याला दोन ठसे असत्यात, वरचा अन् खालचा. वरचा एका नान्याचा लागला अन् खालचा दुसऱ्या नान्याचा. असं नानं क्वचित बाहेर पडतं. इंग्रजीत त्याला खेचर म्हनत्यात."

"खेचर?" साळूबाई म्हणाली.

"घोड्याचं अन् गाढवाचं, तसं."

"म्हंजी खोटाच की."

"आई, तीन लाख म्हनलेत ते! त्यांनी निस्ता फोटो बघून सांगितलं. खात्री करायला गाडी काढून निघालेत बी."

मोबाईलवर असल्या बाता रोजच येतात, त्यांना कुणी भाव देत नाही. पण माणूस नगरहून स्वतःचं पेट्रोल जाळून निघालाय म्हटल्यावर प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं तीनावर पाच शून्यं नाचायला लागली.

पहिला आवाज साळूबाईचा आला. "सूर्यभान, काढ रे ते."

"का म्हनून?" ज्योती उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली. "उंबऱ्यात गेलं ते घराचं झालं."

"मघाशी तूच 'काढा, काढा' करत हुतीस!"

"अन् तुमी 'रीत, रीत' करत हुता! आता कुटं गेली रीत?"

"खोटं हुतं तवरच रीत हुती!"

पुष्पावतीला आ वासायलाही सवड मिळाली नाही. फुगडीत बायका जागा बदलतात तशा दोन्ही जावांनी जागा बदलल्या होत्या, आणि दोघींचाही जोर तेवढाच होता. सूर्यभान थापी घेऊन एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. "काढू का ठिवू?" तो विचारी, आणि दोन्ही उत्तरं एकदमच यायची.

मग कानिफनाथ बोलला. गवंड्याशी नव्हे. थेट थोरल्या भावाकडे बघून. नऊ वर्षांनी.

"दिल्यालं परत मागत्यात व्हय?"

"मी खोटा रुपया दिला," हनुमंतही थेट त्याच्याकडे बघत म्हणाला. "तीन लाख न्हाई दिले."

"मघाशी म्हनला, मनात दुसरं काय बी न्हाई."

"मघाशी नव्हतंच. तुमी आठवन दिली."

"म्हंजी खोटं तेवढं धाकट्याला अन् खरं झालं की थोरल्याला! अशीच वाटनी केली तुमी. लिंब बी तसाच."

"लिंबाचं नाव काढू नगंस! बापानं लावलेला लिंब त्यो."

"माज्या बांधावर!"

भाऊ नऊ वर्षांनी बोलले, आणि हे बोलले. इतकी वर्षं ते गप्प होते, ते एक वेळ बरं होतं. आता तोंडं उघडली होती आणि आतून सगळं नऊ वर्षांचं जपून ठेवलेलं बाहेर यायला लागलं होतं. तिनं मधे पडून म्हटलं, "आरं, बाजारात तुरी अन् भट भटनीला मारी! निम्मं निम्मं करा की."

"बावीस वर्सं मी खिशात वागवला," हनुमंत म्हणाला. "निम्मं कशाचं?"

"अन् माज्या चौकटीत हाय," कानिफनाथ म्हणाला. "निम्मं कशापायी?"

"मग घाल तुज्या नरड्यात!" हनुमंतानं चपलेत पाय घातला. "चल गं साळू. आदिनाथ, गाडी काढ. आज गेलो की परत ह्या अंगनात पाय ठिवनार न्हाई. मेलो तरी ह्याला कळवू नका."

"अन् मी मेलो तरी ह्याला!"

"पन आधी रुपया," साळूबाई जागची हलली नाही.

शेवटी ठरलं ते एवढंच, की कल्याणसर येऊन खात्री करेपर्यंत नाणं बाहेर काढायचं. मग गावातली चार माणसं बसवायची आणि ज्याचं त्याला. सूर्यभानानं पहारीनं उंबरा बोटभर उचलून पुरचुंडी ओढली. मुहूर्ताचा उंबरा उचलला म्हणून ज्योतीनं डोळ्याला पदर लावला. आता नाणं ठेवायचं कुणाकडं? साळूबाईकडं ज्योतीला चालेना, ज्योतीकडं साळूबाईला. आदिनाथ पडला हनुमंताचा मुलगा.

"आक्काकडं दे," हनुमंत म्हणाला.

"आक्काकडं ठिव," कानिफनाथ त्याच क्षणी म्हणाला.

पुष्पावती पुरचुंडी मुठीत घेऊन मांडवाच्या मागं, पत्र्याच्या शेडमधल्या चुलीशी जाऊन बसली. स्वयंपाक पहाटेच झाला होता. मोठ्या पातेल्यात नगरकडची शिपी आमटी, तिखटजाळ, वर तर्री. शेजारी भात, टोपल्यात बाजरीच्या भाकरी, आणि मुहूर्ताची म्हणून लापशी. दोन पंगतींचं जेवण, पण तिनं मनात एकच पंगत धरली होती. भावांच्या ताटांसाठी तिनं दोन पाटसुद्धा शेजारी शेजारी मांडून ठेवले होते.

बाहेर आवाज चालूच होते. आता ते लिंबावरून विहिरीच्या पाळीवर आणि तिथून कुणाच्या लग्नात कुणाला किती तोळे पडले इथवर आले होते. ती ऐकत राहिली. तीन लाख मिळाले तर काय होईल, ते तिला लख्ख दिसत होतं. निम्मे केले तरी दोघं म्हणणार, दादानं लुबाडलं, कानिफनं लुबाडलं. नाही केले तर एक म्हणेल आणि दुसरा ऐकून घेणार नाही. चार माणसं बसतील, मग वकील बसतील. लिंबावरून नऊ वर्षं गेली, तर तीन लाखांवरून किती जातील? ती बासष्टची होती. आणखी तेवढी वर्षं दोन दारं पुजायला तिच्या अंगात त्राण नव्हतं, आणि मनात तर त्याहून नव्हतं. तिला तिचे भाऊ एका जागी जेवताना बघायचे होते. बाकी काही नको होतं.

तिनं पुरचुंडी सोडली. नाणं हळदीनं थोडं पिवळं झालं होतं. बाकी मळकट, काळपट, बावीस वर्षांच्या घामानं साय धरलेलं.

सकाळी कलश आणि ताम्हण घासून झाल्यावर चिंचेचा कोळ वाटीत उरला होता. पुष्पावतीचं लक्ष त्या वाटीकडं गेलं, आणि तिला दिशा आठवली.

दिशा तिची नात. संगमनेरला कॉलेजात होती आणि जुनी नाणी जमवायची. दोन वर्षांमागं दिवाळीच्या साफसफाईत पुष्पावतीनं कौतुकानं तिची सगळी नाणी चिंचेत भिजत घातली आणि घासून आरशासारखी करून ठेवली. पोरगी दोन दिवस जेवली नव्हती. "आजी, घासलेल्या नाण्याला कुणी विचारत नाही! तो मळच त्याचं वय सांगतो," असं म्हणून तिनं रडत रडत तासभर शिकवलं होतं. पुष्पावतीनं तेव्हा कानाला खडा लावला होता.

या अख्ख्या अंगणात ही गोष्ट ठाऊक असलेली ती एकटीच होती.

तिनं नाणं तळहातावर घेतलं. तीन लाख म्हणजे थट्टा नव्हे. हनुमंताच्या गुडघ्याचं ऑपरेशन राहिलं होतं. कानिफनाथाच्या घराचा स्लॅब राहिला होता. "देवा, मला पाप लागू दे," ती पुटपुटली, "पन ह्यांचं जेवान हू दे." बाहेर कानिफनाथ ओरडत होता, "आईच्या दहाव्याला बी तुमी—" तेवढं ऐकलं आणि तिनं चिंचेचा कोळ ओतला.

चिंच, मीठ, चुलीतली राख. मग काथ्यानं जोर लावून. तरी कडेचं काळं सुटेना, तेव्हा बांधकामाच्या ढिगातली चिमूटभर वाळू घेऊन तिनं दोन्ही बाजू खसाखसा घासल्या. अर्ध्या तासानं नाणं असं चमकलं की त्यात तिला तिचं कुंकू दिसलं. पदरानं पुसून तिनं ते निरांजनाच्या ताटलीत ठेवलं आणि हात धुतले.

कल्याणसर आले ते उन्हात लाल होऊन. बारीक चणीचे, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, गळ्यात दोरीला भिंग. चहा नको, पाणी नको, आधी नाणं दाखवा म्हणाले. सगळे भोवती जमले. दोन्ही भाऊ दोन बाजूंनी, दोन्ही जावा त्यांच्या मागं. पुष्पावतीनं ताटली पुढं केली.

सरांनी नाणं उचललं. भिंग लावलं. भिंग काढलं. परत लावलं.

"हे," त्यांचा आवाज बसला, "हे कोणी केलं?"

"मी," पुष्पावती म्हणाली. "पावना नगरहून येतोय, त्याच्याफुडं मळकं कसं ठिवायचं? चिंचंनं निघंना, मग वाळूनं काढलं."

"वाळूनं!" सर मटकन पाटावर बसले. "बाई, अहो, मळाचेच पैसे होते हो! सगळे चरे चरे झालेत. आता हे टांकसाळीतून असं आलं की कुणी कारागिरानं नंतर बनवलं, हे मी तरी छातीठोक सांगू शकत नाही. अन् कुणीच सांगू शकणार नाही."

"मग किती?" साळूबाईनं विचारलं.

"काय किती?"

"पैसे."

सरांनी नाणं ताटलीत परत ठेवलं. "रुपया," ते म्हणाले. "कुणी घेतला तर."

आदिनाथानं त्यांना गाडीपर्यंत पोचवलं. जेवून जा म्हटलं तर म्हणाले, घास उतरायचा नाही. गाडी हायवेला लागली. पुष्पावती डोक्यावरचा पदर नीट करत उभी राहिली आणि मनात मोजू लागली. एक, दोन...

"आक्का!" दोन्ही भाऊ एकदमच गरजले.

"तुला कुनी सांगितलं हुतं घासायला?" हनुमंत.

"हात शिवशिवत्यात का तुजे?" कानिफनाथ.

"तीन लाख! तीन लाख घासले हिनं!"

"दादा, तुला आठवतंय का, हिनं आबांचं घड्याळ घासलं हुतं?"

"आठवतंय म्हंजी! काटंच निघाले हुते त्याचे. अन् मार मी खाल्ला हुता!"

"मी बी खाल्ला! हिनं आबांना सांगितलं, कानिफनं पाडलं."

"माज्या येळी म्हनली, हनुमंतानं पाडलं. म्हंजी दोघांचं नाव सांगितलं हिनं?"

"बघ की!"

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग परत तिच्यावर घसरले. साळूबाईनंही सूर लावला, ज्योतीनंही. लग्नात आलेली पैठणी वन्संनी कशी गरम पाण्यात घातली ते ज्योतीनं सांगितलं आणि साळूबाई म्हणाली, "तुजी बी? माजी बी!" दोघी जावा एका पाटावर टेकून एकमेकींची दुःखं ऐकायला लागल्या. पुष्पावती मुकाट्यानं ताटं मांडत होती. वाढता वाढता बोलणी खात होती आणि बोलणी खाता खाता वाढत होती. भाऊ बोलायच्या नादात कधी शेजारी शेजारी बसले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"उंबऱ्याचं काय?" सूर्यभानानं लांबूनच विचारलं. "माल पार वाळला. परत कालवू का?"

कानिफनाथानं भावाकडं पाहिलं. "त्योच घालू न्हवं, दादा?"

"घाल. आता तर दोन्हीकडनं खोटा झाला," हनुमंत म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच हसू फुटलं. कानिफनाथ ठसका लागेपर्यंत हसला. पुष्पावतीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर दोघं परत म्हणाले, "तू बोलूच नगं!"

ती काही बोललीच नव्हती. तिनं भात वाढला.

ठसका थांबल्यावर कानिफनाथानं पुढचा घास उचलला. घास हातात तसाच ठेवून त्यानं बहिणीकडं नीट बघितलं. लहानपणी तो तिच्या कडेवर वाढला होता, आणि तिला फसवणं अवघड तसं त्यालाही अवघडच होतं.

"आक्का, खरं सांग. तुला म्हाईत नव्हतं?"

सगळ्यांचे हात थांबले. हनुमंतही बघायला लागला. चौथीला केंद्रात पहिली आलेली, बँकेच्या साहेबाला गप्प करणारी आक्का. तिला माहीत नव्हतं? पुष्पावतीच्या घशाशी उत्तर आलं. होतं रे, चांगलं माहीत होतं, तुमच्यापायीच केलं. तिला फार वाटलं की सांगावं. सांगितलं असतं तर ती शहाणी ठरली असती, आणि तीन लाखांचं भांडण उठून परत पंगतीत बसलं असतं.

"मला काय म्हाईत?" ती म्हणाली. "आमा अडानी बायांना काय कळतंय त्यातलं?"

कानिफनाथानं हातातला घास तोंडात घातला.

"अडानीच हाय," हनुमंतानं निकाल दिला.

"पहिल्यापास्नं," कानिफनाथ म्हणाला, आणि आमटीची वाटी दादाच्या ताटाकडं सरकवली. "घे, तुज्यात कमी हाय."

बासष्ट वर्षं शहाणी म्हणवून घेतलेल्या पुष्पावतीनं ते मुकाट्यानं पदरात घेतलं. डोळे भरून आले, तेव्हा तिनं आमटीच्या तिखटावर ढकललं. आमटी तिखट होतीच, त्यामुळं कुणी काही विचारलं नाही. मग दोघांच्या ताटांत एकेक भाकरी टाकायला ती परत खाली वाकली.